नवी बॅटरी घातली, तरी गाडी का सुरू होत नाही?

जुन्नर तालुक्यातून एका भगिनीचे पत्र आले आहे. पत्र चार पानी आहे आणि त्यातील साडेतीन पाने गाडीविषयी आहेत. घरधनी २००६ सालचा ४०७ टेम्पो चालवतात. नारायणगावच्या बाजारात टोमॅटो भरायचा आणि पहाटेच्या आत वाशीच्या मार्केटला पोचवायचा, हा धंदा. ताई लिहितात की वैशाखात इंजिनाचे काम केले, तेव्हापासून दोन बॅटऱ्या झाल्या. दुसरी तर बचत गटाचे कर्ज काढून घेतली. तरी रात्री चावी फिरवली की ‘टक्’ असा एक आवाज येतो आणि गाडी गप्प. हॉर्न खणखणीत वाजतो, लाइट लख्ख पडतात, पण सेल्फ फिरत नाही. मग मुलगा आणि शेजारची दोन पोरे मागून धक्का मारतात आणि दहा पावलांत गाडी सुरू होते. मुलगा नववीत आहे. पहिल्या तासाला वर्गात झोपतो म्हणून गुरुजींनी बोलावणे धाडले होते. आता मेकॅनिक म्हणतात, बॅटरीच खराब लागली, याहून भारी घ्या. शेवटी ताईंनी विचारले आहे, “घ्यावी का? आणि तुमच्या सदरात गाडीचा विषय बसत नसेल तर क्षमा करावी.”

विषय बसतो, ताई. या सदरात आपण मुलांच्या अभ्यासाविषयी बोलतो, घरखर्चाविषयी बोलतो, आजारपणाविषयी बोलतो. ज्या घराची चूल एका टेम्पोच्या चाकावर फिरते, त्या घरात हे तिन्ही विषय गाडीपाशी येऊन थांबतात. १९७८ साली महात्मा फुले मागासवर्ग विकास महामंडळ स्थापन झाले, तेव्हापासून आपल्या समाजातील कितीतरी बांधव कर्ज काढून गाडीचे मालक झाले. ज्यांच्या वडिलांनी दुसऱ्याच्या ट्रकमध्ये हमाली केली, ते स्वतः स्टेअरिंगवर बसले. मालकी आली, पण गाडीच्या पोटात काय चालते ते पाहण्याची विद्या बहुतेक ठिकाणी गॅरेजवाल्याच्याच हाती राहिली. म्हणून हा विषय.

आणि तुमच्या प्रश्नाचे उत्तर: नाही. तिसरी बॅटरी घेऊ नका. निदान पुढचे वाचून होईपर्यंत तरी नाहीच.

तुमच्या पत्रातच तीन खुणा आहेत. पहिली, लाइट लख्ख पडतात. दुसरी, धक्क्याने गाडी लगेच सुरू होते. तिसरी, दुखणे इंजिनाच्या कामानंतर जडले. धक्क्याने लगेच सुरू होते म्हणजे डिझेलची बाजू ठीक आहे, पंप ठीक आहे, इंजिनात दम आहे. इंजिनाला फक्त कुणीतरी फिरवून द्यायला हवे आहे. ते काम सेल्फचे. आणि सेल्फला जोर मिळत नाही.

इथे बहुतेकांची चूक होते. लाइट लख्ख आहेत, म्हणजे करंट भरपूर आहे, म्हणजे सेल्फ गेला, असे कुणी म्हणतो आणि सेल्फ खोलायला लावतो. दुसरा म्हणतो, सेल्फ फिरत नाही, म्हणजे बॅटरी गेली, आणि बॅटरी विकतो. दोघेही मधली वाट पाहत नाहीत. बॅटरीपासून सेल्फपर्यंत जी जाड वायर जाते आणि तिथून परत बॅटरीकडे यायची जी वाट आहे, ती तपासायला कुणी वाकत नाही. आजार म्हशीला आणि इंजेक्शन पखालीला!

थोडे गणित करू. नववीतल्या मुलालाही जवळ बसवा, त्याच्या विज्ञानाच्या पुस्तकात ओहमचा नियम आहेच. हेडलाइटचे दोन्ही दिवे मिळून साधारण १० अँपिअर करंट घेतात. सेल्फ मात्र डिझेल इंजिन फिरवायला दोनशे, तीनशे अँपिअर ओढतो, आणि पहिल्या क्षणी त्याहूनही अधिक. आता समजा, वाटेतला एक सांधा गंजला आहे आणि त्याचा अडथळा आहे ०.०१ ओहम, म्हणजे एका ओहमचा शंभरावा भाग. दिव्यांचे १० अँपिअर त्यातून जाताना ०.१ व्होल्ट गळतो. डोळ्याला काही कळत नाही, दिवा लख्खच दिसतो. त्याच सांध्यातून सेल्फचे ३०० अँपिअर जायचे म्हटले तर ३ व्होल्ट तिथेच गळतात. बॅटरी १२ व्होल्टची. सेल्फ ओढताना ती स्वतःच दहा-साडेदहापर्यंत उतरते. त्यातून ३ गेले, तर सेल्फच्या हाती उरले सात-साडेसात. सांधा याहून खराब असेल तर सेल्फच्या अंगावरचा सोलेनॉइड जेमतेम ‘टक्’ करतो, कारण त्याला थोडा करंट पुरतो. मोटर काही फिरत नाही. बारीक नळीतून तांब्याभर पाणी सहज येते, पण घर पेटल्यावर त्याच नळीने आग विझवायला गेलो तर काय होईल, तसे हे आहे.

आता ती परतीची वाट कोणती? बॅटरीच्या अधिक टोकापासून जाड वायर सेल्फला जाते, ती सगळ्यांना दिसते. सेल्फमधून करंट परत येतो तो इंजिनाच्या लोखंडातून, आणि बॅटरीचे उणे टोक जोडलेले असते चासीला. पण इंजिन चासीवर थेट बसलेले नसते. ते रबराच्या पायांवर बसते, आणि रबरातून करंट जात नाही. म्हणून इंजिन आणि चासी यांच्यामध्ये तांब्याच्या तारांची विणलेली एक पट्टी किंवा जाड केबल लावलेली असते. गॅरेजमध्ये तिला ‘अर्थ’ म्हणतात. मराठीत अर्थ म्हणजे पैसाही होतो, आणि तुमचा अर्थ इथेच गळतो आहे असा आमचा कयास आहे.

इंजिनाच्या कामात इंजिन खाली उतरवावे लागते, तेव्हा ही पट्टी सोडावी लागते. परत बसवताना कधी ती राहूनच जाते. जुनी तुटकी पट्टी कोपऱ्यात पडते आणि भंगारात जाते. कधी लावतात, पण चासीला नवा रंग मारलेला असतो आणि त्या रंगावरच बोल्ट आवळतात. रंग हाही रबरासारखाच, करंट अडवणारा. कधी बोल्ट हातानेच फिरवून सोडलेला असतो.

अशा वेळी करंट वाट सोडत नाही, तो दुसरी वाट शोधतो. इंजिनाला आणि चासीला जोडणारी जी दुसरी लोखंडी वस्तू असेल, ॲक्सिलेटरची केबल, स्टॉपची केबल, तिच्यातून तो जायला बघतो. त्या केबली काही या कामासाठी नसतात. त्या तापतात, वरचे प्लास्टिक मऊ पडते, जळका वास येतो, कधी केबल आतल्या आत चिकटून बसते. तुमच्या पत्रात वासाचा उल्लेख नाही, पण घरधन्यांना जरूर विचारा की सेल्फ मारल्यावर केबिनमध्ये जळका वास येतो का. येत असेल तर दुखणे नक्की झाले असे समजा.

आता तपासायचे कसे? यात बाईमाणसाने हात घालायचा नाही असे काही नाही. उलट हे काम दोघांचेच आहे, एकाने चावी फिरवायची आणि दुसऱ्याने पाहायचे. त्याआधी गाडी न्यूट्रलला असल्याची स्वतः खात्री करा, हँडब्रेक ओढा, पुढच्या-मागच्या चाकाला दगड लावा आणि स्टॉपची केबल ओढून ठेवा, म्हणजे सेल्फ फिरला तरी इंजिन पेट घेणार नाही. सेल्फ एका वेळी दहा सेकंदांहून जास्त मारू नका, दोन खेपांत एक-दोन मिनिटे जाऊ द्या.

सगळ्यात सोपी परीक्षा दिव्यांची. हेडलाइट लावा आणि सेल्फ मारा. दिवे तसेच लख्ख राहिले आणि आवाजही आला नाही, तर करंट सेल्फपर्यंत निघालाच नाही: चावीचा स्विच, तिची बारीक वायर किंवा सोलेनॉइड पाहावा. ‘टक्’ झाले आणि दिवे तसेच राहिले, तर सोलेनॉइडच्या आतले संपर्क, सेल्फचे कार्बन किंवा इंजिनाची अर्थ यांवर संशय घ्यावा. दिवे एकदम मंदावून कंदिलासारखे झाले, तर बॅटरी रिकामी आहे किंवा सेल्फ, इंजिन जाम आहे. आणि दिवे पार विझले, चावी सोडल्यावर परत आले, तर बॅटरीच्या टोकाशीच सांधा ढिला आहे.

दुसरी परीक्षा हाताची. दहा सेकंद सेल्फ मारून चावी बंद करा आणि लगेच प्रत्येक सांध्याजवळ बोट न्या: बॅटरीची दोन्ही टोके, चासीवरचा बोल्ट, सेल्फवरचा बोल्ट. ज्या सांध्यात व्होल्ट गळतात तिथे ते उष्णतेच्या रूपाने गळतात. गार सांधा चांगला, गरम सांधा चोर. आधी बोट जवळ न्या, मग टेकवा, नाहीतर चटका बसेल.

तिसरी परीक्षा तुमच्यासाठी सर्वांत मोलाची. दुसऱ्या गाडीवरून बॅटरी जोडायची जाड केबल कुणाकडून तरी मागून आणा. तिचे एक टोक बॅटरीच्या उण्या टोकाला लावा आणि दुसरे टोक इंजिनाच्या उघड्या, बिनरंगाच्या लोखंडाला घट्ट धरून बसेल असे लावा. चुकूनही अधिक टोकाला हात लावू नका. आता सेल्फ मारा. सेल्फ भर्रकन फिरला, तर तुमची बॅटरीही चांगली, सेल्फही चांगला. खर्च फक्त एका अर्थच्या पट्टीचा आणि दोन बोल्टचा.

मल्टिमीटर दोन-तीनशे रुपयांत मिळतो. गाडीवाल्याच्या घरात तो असावा, असे आमचे मत आहे. तो २० व्होल्टच्या डीसी खुणेवर ठेवून एक काडी बॅटरीच्या उण्या शिशाच्या खुंटावर टेकवा, क्लिपवर नव्हे, खुंटावरच. दुसरी काडी इंजिनाच्या उघड्या लोखंडावर. आणि सांगा, “मारा सेल्फ.” आकडा ०.२, ०.३ पर्यंत राहिला तर वाट मोकळी. अर्ध्या व्होल्टच्या वर गेला तर अर्थ खराब. याच पद्धतीने अधिक खुंट आणि सेल्फचा मोठा बोल्ट यांच्यामध्येही पाहता येते. एक गोष्ट ध्यानात ठेवा: सेल्फ मारत असतानाच हा आकडा दिसतो. चावी बंद असताना वाहते करंट नसते, म्हणून गळतीही नसते, आणि कितीही कुजलेला सांधा मीटरवर निर्दोष ठरतो. कित्येक कारागीर नेमके असेच तपासतात आणि “वायरिंग ओके” सांगून मोकळे होतात.

दुरुस्ती सोपी आहे. बॅटरीचे उणे टोक आधी सोडा. अर्थचा बोल्ट काढून खालची जागा आणि थिंबल पॉलिश पेपरने घासून चकचकीत करा, रंग, तेल, गंज काही ठेवू नका. दातेरी वायसर घालून पान्याने आवळा, मग वरून व्हॅसलिन किंवा ग्रीस लावा. ग्रीस आधी नाही, नंतर. पट्टीच्या तारा निम्म्या तुटल्या असतील तर नवीच घाला. वेल्डिंगची जाड केबल घेऊन दोन्ही टोकांना थिंबल दाबून घेतले तरी चालते. बॅटरीच्या टोकांवर पांढरी-हिरवी बुरशी धरली असेल तर गरम पाण्यात खाण्याचा सोडा टाकून पुसून काढा, फक्त ते पाणी बॅटरीच्या पोटात जाऊ देऊ नका.

आता हे सगळे पाहूनही सेल्फ फिरला नाही, तर? मग बॅटरीकडे वळायला हरकत नाही. नवी बॅटरी म्हणजे भरलेली बॅटरी नव्हे. दुकानाच्या फळीवर महिनोन्महिने पडलेली बॅटरी उतरलेली असते, आणि कोरडी ठेवलेल्या बॅटरीत ॲसिड ओतून चार्जिंगला न लावता तशीच घातली तर ती पहिल्यापासून अधू राहते. गाडी तीन-चार तास उभी राहिल्यावर मीटर लावा. १२.६ असेल तर पूर्ण भरलेली, १२.२ म्हणजे निम्मी, १२ च्या खाली म्हणजे जवळपास रिकामी. सेल्फ मारताना ती साडेनऊच्या खाली कोसळत असेल तर आधी चार्ज करून पुन्हा पाहा. चार्ज करूनही कोसळली तर गॅरंटी कार्ड घेऊन दुकानात जा आणि लोड लावून तपासायला सांगा. कार्डावर तारीख आणि शिक्का असल्याशिवाय बॅटरी दुकानातून उचलायचीच नाही.

आणि बॅटरी रोज रात्री उतरत असेल तर तिला दोष देण्याआधी तिला जेवायला कोण घालते ते पाहा. इंजिन चालू असताना बॅटरीच्या टोकांवर १३.८ ते १४.४ व्होल्ट दिसले पाहिजेत. साडेबाराच दिसले तर अल्टरनेटर भरत नाही. बहुतेक वेळा त्याचा पट्टा ढिला असतो, नाहीतर कार्बन झिजलेले असतात. भरणेही ठीक असेल, तर रात्री कोण खाते ते शोधा. गाडी बंद करा, बॅटरीचे उणे टोक सोडा आणि खुंट व वायर यांच्यामध्ये १२ व्होल्टचा छोटा बल्ब धरा. बल्ब पेटला तर कुठेतरी करंट वाहतो आहे. एकेक फ्यूज काढत जा. ज्या फ्यूजला बल्ब विझला, चोर त्या वायरवर. हौसेने लावलेल्या रंगीत दिव्यांच्या माळा, टेप आणि ॲम्प्लिफायर यांची चावीबाहेरून ओढलेली वायर हे नेहमीचे आरोपी. सगळे फ्यूज काढूनही बल्ब पेटताच राहिला तर अल्टरनेटरची वायर सोडून पाहा. त्याच्या डायोडमधून कधी कधी बॅटरी उलटी रिकामी होते. डायोड म्हणजे करंटला एकाच बाजूने सोडणारे दार. ते दार मोडले की करंट दोन्हीकडून फिरतो.

मोठ्या ट्रकवाल्या बांधवांसाठी एक वाक्य: तुमच्याकडे दोन बॅटऱ्या जोडून २४ व्होल्ट होतात. त्यातली एकच बदलू नका. जुनी नवीला पुरते चार्ज होऊ देत नाही, आणि दोन महिन्यांत नवीही जुनी होते.

सेल्फचा स्वतःचा दोष असेल तर त्याच्याही खुणा आहेत. हातोडीच्या दांड्याने हळू ठोकल्यावर फिरतो, म्हणजे कार्बन झिजून अडकले आहेत. घरघरत, अडखळत फिरतो, म्हणजे बुश झिजला आणि आर्मेचर घासते आहे. दोन्ही कामे बाकावर होतात, पूर्ण सेल्फ बदलावा लागत नाही. कारागीर “नवाच टाका” म्हणाला, तर जुना कार्बन हातात घेऊन पाहायला मागा.

ज्यांचा सेल्फ जोरात फिरतो पण इंजिन पेट घेत नाही, त्यांचा रस्ता वेगळा. त्यांनी बॅटरीचे नावच काढू नये. डिझेल इंजिनात ठिणगी नसते. हवा इतकी दाबली जाते की ती तापून लाल व्हायच्या बेताला येते आणि त्यात शिंपडलेले डिझेल आपोआप पेटते. स्टॉपची केबल पूर्ण आत गेली आहे ना, हे आधी पाहा. ती अर्धवट बाहेर राहून गाड्या तासन्‌तास अडकल्या आहेत. मग सायलेन्सरकडे पाहा. सेल्फ फिरताना धूरच नाही, म्हणजे डिझेल पोचत नाही: टाकी, फिल्टर, लाइनमध्ये धरलेली हवा. फिल्टरवरचा स्क्रू ढिला करून हातपंप मारा, फेस जाऊन निव्वळ डिझेल येईपर्यंत. पावसाळ्यात फिल्टरच्या तळाला पाणी साचते, ते सोडा. पांढरा धूर येतो पण पेटत नाही, म्हणजे डिझेल येते आहे पण उष्णता कमी पडते: सेल्फ हळू फिरतो, नाहीतर इंजिन थकले आहे. हे सारे जुन्या, यांत्रिक पंपाच्या गाड्यांचे. १ एप्रिल २०२० नंतरच्या बीएस-६ गाड्यांत संगणक आणि सेन्सर आहेत, तिथे हा उपचार करू नये.

दोन गोष्टी मात्र रागावून सांगतो. पहिली, ती पेचकसाची सवय. सेल्फ फिरेना की खाली शिरून सोलेनॉइडचे दोन बोल्ट पेचकसाने जोडायचे. ठिणगी उडते, सेल्फ फिरतो, सगळे खूश. पण गाडी गिअरमध्ये असेल तर ती त्याच क्षणी पुढे सरकते आणि खाली माणूस असतो. हे केव्हाही करू नका, आणि कुणी करू लागला तर त्याला पाय धरून बाहेर ओढा.

दुसरी गोष्ट, ताई, तुमच्या मुलाची. अंधारात तीन मुले गाडीच्या मागे धक्का मारतात. गाडी कधी मागे येते. इंजिन बंद असताना ब्रेकला मिळणारी मदत नसते, पेडल दगडासारखे होते. उतारावर तर हा प्रकार अजिबात नको. अर्थची पट्टी लागेपर्यंत वर सांगितलेली जोडकेबल वापरा, पण मुलाला झोपू द्या. तो मीटरचा आकडा वाचायला दिवसा आला तर चालेल. आम्हाला तर वाटते की तो यावाच.

कारण ही विद्या लपवून ठेवायची नाही. गॅरेजमध्ये उस्तादाने बॉनेट उघडले की मालकाला “जरा बाजूला व्हा” म्हणायची रीत आहे. बांधवांनो, बाजूला होऊ नका. नम्रपणे विचारा, “दादा, तुम्ही कशावरून म्हणता? मला दाखवा.” चांगला कारागीर आनंदाने दाखवतो, आणि जो चिडतो त्याच्याविषयी आपल्याला जे कळायचे ते कळते. केसपुत्त गावच्या कालामांना भगवान बुद्धांनी जो उपदेश केला तो आपण विहारात ऐकतो: ऐकीव आहे म्हणून, चालत आले म्हणून, सांगणारा मोठा आहे म्हणून काही मानायचे नाही, स्वतः पारखायचे. विहारातून बाहेर येऊन गाडीला लिंबू-मिरची बांधली तर त्या ऐकण्याचा उपयोग काय? आमच्या पाहण्यात अशी गाडी आली आहे की तिच्या पुढे नवीकोरी लिंबू-मिरची आणि खाली अर्थचा बोल्ट गायब. लिंबाच्या पैशात बोल्ट आला असता.

बाबासाहेब १९४२ ते १९४६ या काळात व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर मंत्री होते. कारागीर तयार करण्याची तंत्रशिक्षणाची योजना तेव्हा त्यांच्या खात्याकडे होती. आज तालुक्या-तालुक्याला आयटीआय आहे आणि तिथे ‘मेकॅनिक डिझेल’ आणि ‘मेकॅनिक मोटर व्हेइकल’ असे दोन्ही ट्रेड असतात. पहिला एक वर्षाचा, दुसरा दोन वर्षांचा. दहावीनंतर मुलामुलींना त्यात घालायला कमीपणा मानू नये. मुलींना तर मुळीच नाही.

राहिली बॅटरी हाताळण्याची खबरदारी. सोडताना उणे टोक आधी, जोडताना उणे टोक शेवटी. असे का, तर अधिक टोकावर काम करताना पाना चुकून चासीला लागला तरी उणे सुटलेले असल्यामुळे ठिणगी पडत नाही. हातातली अंगठी, कडे, घड्याळ काढून ठेवा. चार्ज होणाऱ्या बॅटरीतून हायड्रोजन वायू निघतो, तेव्हा तिच्याजवळ विडी नाही, काडी नाही, अंधारात पाहायला पणती तर नाहीच, टॉर्च घ्या. डोळ्यात ॲसिड उडाले तर चोळू नका. नळाखाली डोळा उघडा धरून पंधरा-वीस मिनिटे सारखे पाणी सोडा आणि मग दवाखान्यात जा.

ताई, तुमच्याकडची पहिली बॅटरी अजून पडवीत आहे असे तुम्ही लिहिता. अर्थ नीट बसल्यावर ती चार्ज करून, लोड लावून एकदा तपासून घ्या. ती चांगली निघण्याचा संभव बराच आहे, मग जपून ठेवा. खराब निघालीच, तर भंगारवाल्याला घरी फोडू देऊ नका आणि शिसे काढायला स्वतःही फोडू नका. शिशाची धूळ आणि धूर लहान मुलांच्या मेंदूला इजा करतात, आणि तुमच्या घरात धाकटी मुलगी रांगते आहे. २०२२ च्या बॅटरी कचरा व्यवस्थापन नियमांनुसार जुन्या बॅटऱ्या परत गोळा करण्याची जबाबदारी उत्पादकांवर आहे. दुकानदार जुनी घेऊन नवीच्या किमतीत वजावट देतात. ती वजावट किती धरली, ते बिलावर लिहून मागा.